बाळाची घरघर: कोणाची थांबते, कोणाची राहते

दीड-दोन वर्षांच्या मुलाला सर्दी होते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो, धाप लागते, दूध ओढवत नाही. दवाखान्यात वाफ देतात आणि चार-सहा दिवसांत मूल पूर्ववत खेळू लागते. महिना-दीड महिना जातो आणि पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेनंतर आईवडिलांचा प्रश्न औषधाबद्दलचा राहत नाही. ‘डॉक्टर, हा दमा आहे का? आणि हे आता जन्मभर राहणार का?’

घरात याची उत्तरे आधीच मिळालेली असतात. आजी म्हणते, बाळदमा आहे, आठव्या वर्षी जातो. शेजारी सांगतात, पंप लावू नका, सवय लागते. केसपेपरवर कधी ‘अ‍ॅलर्जिक ब्राँकायटिस’, तर कधी नुसताच ‘छातीचा संसर्ग’ लिहिलेला असतो. ‘दमा’ हा शब्द शक्यतो टाळलेला असतो. मूल मुलगी असेल तर जास्तच, कारण वीस वर्षांनंतरच्या लग्नाची काळजी आजच लागलेली असते.

आजीचे म्हणणे अर्ध्याहून अधिक वेळा खरे ठरते. पण ते कोणत्या मुलाच्या बाबतीत खरे ठरेल, हे बऱ्यापैकी आधी ओळखता येते. ज्यांच्या बाबतीत ते खरे ठरणार नाही, त्या मुलांची हाती असलेली वर्षे नुसती वाट पाहण्यात जातात, याची मला काळजी वाटते. म्हणून हा लेख.

सहाव्या वर्षापर्यंत काय होते

लहान बाळाच्या श्वासनलिका मुळातच अरुंद असतात. विषाणूचा संसर्ग झाला की त्यांचे अस्तर सुजते आणि कफ साठतो. मोठ्या माणसाला एवढ्याने नुसता खोकला येईल, पण बाळाची वाट निम्मी बंद होते आणि तिथून हवा जाताना आवाज येतो. आरएसव्ही आणि ऱ्हायनोव्हायरस हे दोन विषाणू यात नेहमीचे. पाळणाघरात किंवा बालवाडीत जाणाऱ्या, घरात शाळकरी भावंड असलेल्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणे काही वेगळे नाही. त्यामुळे घरघरीच्या खेपाही मोजता मोजता पुष्कळ होतात. एवढ्यावरून दमा म्हणता येत नाही.

या मुलांचे पुढे काय होते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात १९८० साली एक अभ्यास सुरू झाला. जन्मापासून मुलांची नोंद ठेवली गेली. फर्नांडो मार्टिनेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ८२६ मुलांचे पहिल्या सहा वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि बालरोगतज्ज्ञांची या आजाराकडे पाहण्याची नजर तिथून बदलली. सुमारे निम्म्या मुलांना सहा वर्षांत कधीच घरघर झाली नव्हती. सुमारे २० टक्के मुलांना तीन वर्षांच्या आत झाली, पण सहाव्या वर्षी ती उरली नव्हती. जवळपास १४ टक्के मुलांची लवकर सुरू झाली आणि सहाव्या वर्षीही चालू होती. उरलेल्या १५ टक्के मुलांची सुरुवातच तीन वर्षांनंतर झाली. म्हणजे तिसऱ्या वर्षापूर्वी घरघर झालेल्या दर दहा मुलांपैकी सहा मुले सहाव्या वर्षापर्यंत त्यातून मोकळी झाली होती.

या दोन गटांमधला फरक संख्येपेक्षाही महत्त्वाचा आहे. ज्यांची घरघर थांबली, त्यांच्या फुप्फुसांची क्षमता पहिला संसर्ग होण्यापूर्वीच थोडी कमी होती. गरोदरपणात धूम्रपान करणाऱ्या आयांची मुले या गटात जास्त होती. मूल वाढले, नलिका रुंदावल्या, प्रश्न मिटला. ज्यांची घरघर राहिली, त्यांची क्षमता पहिल्या वर्षी ठीक होती, पण सहाव्या वर्षी ती घटलेली आढळली. या मुलांच्या आयांना दमा असण्याचे प्रमाण अधिक होते आणि मुलांच्या रक्तात अ‍ॅलर्जीच्या खुणा होत्या. आवाज एकच असला तरी मागचे कारण वेगळे होते.

तुमचे मूल कोणत्या गटात

त्याच टूसॉनच्या नोंदींवरून २००० साली एक साधी पडताळणी तयार झाली. तिला फार यंत्रसामग्री लागत नाही. पहिल्या तीन वर्षांत वारंवार घरघर झालेले मूल घ्या. आई किंवा वडील यांपैकी एकाला डॉक्टरांनी दम्याचे निदान केलेले आहे का? मुलाला स्वतःला इसब आहे का, म्हणजे गालांवर, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत खाजरी, कोरडी, पुन्हा पुन्हा उठणारी त्वचा? या दोन्हींपैकी एकाचे उत्तर ‘हो’ असले तरी पारडे दम्याकडे झुकते. दोन्ही ‘नाही’ असतील, तर आणखी तीन गोष्टी पाहतात: अ‍ॅलर्जीची सर्दी, सर्दी नसतानाही होणारी घरघर, आणि रक्तातील इओसिनोफिल पेशी ४ टक्के किंवा त्याहून अधिक असणे. या तिन्हींपैकी दोन असल्या तरी पडताळणी होकारार्थी धरतात.

होकारार्थी आलेल्या मुलांपैकी सुमारे ७६ टक्के मुलांना सहा ते तेरा या वयात कधी ना कधी दमा दिसला. सगळ्यांना नाही, हे लक्षात घ्या. उलट बाजूचे उत्तर मात्र खूप भरवशाचे निघाले. नकारार्थी आलेल्या मुलांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक मुलांना शाळेच्या त्या वर्षांत दमा झालाच नाही. तुमच्या मुलाला फक्त सर्दीबरोबरच घरघर होत असेल, मधल्या काळात ते धावत-हसत-झोपत असेल, अंगावर इसब नसेल आणि आईवडिलांना दमा नसेल, तर आजीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

रक्त तपासणीपेक्षा मला एक निरीक्षण अधिक मोलाचे वाटते, आणि ते आईवडीलच करू शकतात: दोन सर्दींच्या मधले दिवस कसे जातात? खळखळून हसल्यावर, रडल्यावर, पकडापकडी खेळल्यावर खोकल्याची उबळ येते का? पहाटे दोन-तीन वाजता खोकून जाग येते का? इतर मुलांची सर्दी आठवड्यात आटोपते आणि याचा खोकला दहा-पंधरा दिवस रेंगाळतो का? डॉक्टरांच्या टेबलावर मूल पाच मिनिटे असते, तेही रडत. रात्रीचा खोकला त्यांना दिसत नाही. म्हणून मोबाइलवर वीस सेकंदांचे चित्रीकरण करून ठेवा. पुष्कळ घरांमध्ये ‘घरघर’ म्हणतात तो आवाज प्रत्यक्षात नाकातल्या किंवा घशातल्या कफाचा असतो. चित्रीकरणात छाती उघडी दिसू द्या, म्हणजे आवाज श्वास आत घेताना येतो की सोडताना, आणि बरगड्यांमध्ये खळगे पडतात का, हे डॉक्टरांना कळते.

काही वेळा ही घरघर ना साध्या सर्दीची असते ना दम्याची. एक-दोन वर्षांचे मूल शेंगदाणे किंवा फुटाणे खाताना ठसकले आणि त्यानंतर घरघर सुरू झाली, एका बाजूलाच राहिली, तर दाणा श्वासनलिकेत अडकलेला असू शकतो. त्याला पंप नव्हे, दुर्बिणीची तपासणी लागते. जन्मापासूनच असलेला आवाज, वर्षभर न थांबणारा ओला खोकला, न वाढणारे वजन, घरात क्षयरोगाचा रुग्ण, यांपैकी काही असेल तर ‘बाळदमा’ म्हणून बसू नका.

सहा वर्षांनंतर, आणि पन्नाशीपर्यंत

मेलबर्नमध्ये १९६४ साली सात वर्षांच्या शाळकरी मुलांना निवडून त्यांचा पाठपुरावा सुरू झाला. काहींना सर्दीबरोबर मोजक्या वेळा घरघर झालेली, काहींना बऱ्याचदा, काहींना सततचा दमा. दहा वर्षे वयाची तीव्र दम्याची मुले नंतर त्यात जोडली गेली. दर सात वर्षांनी त्यांची तपासणी झाली, थेट पन्नाशीपर्यंत. एवढा लांबचा पल्ला गाठणारे अभ्यास जगात मोजकेच आहेत.

सर्दीपुरती घरघर झालेल्या मुलांपैकी बहुतेक जण पन्नाशीत दमामुक्त होते आणि त्यांची फुप्फुसे दमा नसलेल्यांच्या जवळपास होती. तीव्र दम्याच्या गटात मात्र दमा पूर्ण गेला अशांचे प्रमाण फक्त १५ टक्के होते. याच गटात कायमस्वरूपी अरुंद झालेल्या श्वासमार्गाचा आजार, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, तो होण्याचा धोका निरोगी मुलांच्या तुलनेत ३२ पट निघाला. त्यातून समजलेली एक गोष्ट प्रत्येक पालकाने मनात ठेवावी: मोठेपणी दिसलेली फुप्फुसांची कमतरता मोठेपणी निर्माण झालेली नव्हती. ती बालपणातच होती आणि पुढे तशीच चालत आली. फुप्फुसांची क्षमता साधारण विशीपर्यंत वाढते, मग काही काळ टिकते आणि नंतर सगळ्यांचीच हळूहळू उतरते. जो कमी उंचीवरून उतरू लागतो, तो लवकर तळाशी पोहोचतो.

या आकड्यांनी घाबरून जाण्यापूर्वी ते कोणत्या काळातले आहेत हे पाहा. त्या मुलांच्या बालपणात श्वासातून घेण्याचे स्टेरॉइड उपलब्धच नव्हते. ते १९७० च्या दशकात आले. आजच्या मुलाला जी औषधे सहज मिळतात, ती मेलबर्नच्या मुलांना वाढीच्या सर्वांत महत्त्वाच्या वर्षांत मिळाली नाहीत.

न्यूझीलंडमधील डुनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या पाठपुराव्याने वेगळी बाजू दाखवली. वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत त्यांच्यापैकी सुमारे १४ टक्क्यांची घरघर लहानपणापासून चालूच राहिली होती, आणि सुमारे १२ टक्क्यांची थांबून पुन्हा परतली होती. घरातल्या धुळीतील सूक्ष्म किड्यांची अ‍ॅलर्जी असलेल्यांमध्ये घरघर टिकण्याचे आणि परतण्याचे प्रमाण जास्त होते. धूम्रपान करणाऱ्यांची आणि मुलींची घरघर टिकून राहण्याची शक्यता अधिक होती. लहानपणी दमा मुलग्यांमध्ये जास्त दिसतो, पण वयात येताना चित्र उलटते. आठव्या-दहाव्या वर्षी थांबलेला दमा पंचविशीत, एखाद्या धुळीच्या नोकरीत किंवा बाळंतपणात पुन्हा डोके वर काढू शकतो. म्हणून ‘लहानपणी होता, आता नाही’ ही गोष्ट मुलाला मोठेपणी माहीत असली पाहिजे आणि त्याच्या डॉक्टरांनाही. लग्नाच्या काळजीने ती लपवली, की नेमक्या गरजेच्या वेळी ती कोणाच्याच हाती नसते.

पंप रोग घालवतो का

नाही. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण पालकांना वेगळे सांगितले गेले तर वर्षभराने त्यांचा विश्वास उडतो. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दमा होण्याचा धोका जास्त असलेल्या दोन-तीन वर्षांच्या २८५ मुलांपैकी काहींना सलग दोन वर्षे श्वासातले स्टेरॉइड आणि बाकीच्यांना नुसता निष्क्रिय फवारा दिला गेला. औषध चालू असेपर्यंत पहिल्या गटाचे दिवस स्पष्टपणे चांगले गेले, झटके कमी आले. औषध थांबवल्यावर पुढच्या वर्षी दोन्ही गट सारखेच झाले. पंपाने आजाराचा पुढचा मार्ग बदलला नव्हता.

मग तो कशासाठी द्यायचा? मुलाने आज रात्री झोपावे, उद्या शाळेत जावे, मैदानावर धावावे आणि दवाखान्यात भरती व्हावे लागू नये म्हणून. ही काही छोटी गोष्ट नाही. दम्याने होणाऱ्या जगातील मृत्यूंपैकी फार मोठा वाटा भारताचा आहे, आणि त्याचे एक ठळक कारण म्हणजे आपल्याकडे तात्पुरता आराम देणारे औषध खूप वापरले जाते, पण सूज आवरणारे रोजचे औषध फार थोडे रुग्ण घेतात.

सवय लागण्याची भीती अनाठायी आहे. ही औषधे व्यसन लावत नाहीत. आजार चालू आहे तोवर ती लागतात, आणि मुलाचे तीन-सहा महिने चांगले गेले की डॉक्टर मात्रा उतरवतात. उंचीचा प्रश्न मात्र खरा आहे. श्वासातले स्टेरॉइड वर्षानुवर्षे घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची निष्क्रिय फवारा घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. ही किंमत आहे, आणि म्हणूनच मात्रा कमीत कमी ठेवायची. पण पंप टाळला तर काय होते तेही पाहा. दर झटक्याला तोंडाने स्टेरॉइड द्यावे लागते. दहा किलोच्या मुलाला प्रेडनिसोलोन दिवसाला दहा मिलिग्रॅम किंवा अधिक, म्हणजे किमान दहा हजार मायक्रोग्रॅम, आणि तेही सगळे शरीरभर फिरणारे. पंपातून ब्युडेसोनाइड दिवसाला दोनशे मायक्रोग्रॅमच्या आसपास जाते. दोन्ही औषधे वेगळी असल्याने तुलना काटेकोर नाही, पण ‘स्टेरॉइड नको’ म्हणून पंप नाकारणाऱ्या घरातच मूल सर्वाधिक स्टेरॉइड घेत असते.

प्रत्येक घरघरणाऱ्या बाळाला रोजचा पंप लागत नाही. दोन सर्दींच्या मधे पूर्ण ठीक असणाऱ्या, पडताळणी नकारार्थी आलेल्या बाळाला बहुधा झटक्यापुरते साल्ब्युटामॉल, म्हणजे तात्पुरता आराम देणारे औषध, पुरते. वर्षातून तीनहून अधिक जोरदार झटके, रात्रीचा खोकला, एखादी भरती, अशा मुलाबाबत डॉक्टर दोन-तीन महिने रोजचे औषध देऊन पाहतात, मग थांबवून पुन्हा पाहतात. या थांबवून पाहण्याला फार अर्थ आहे. औषधाविना मूल बरे राहिले, तर निदानच बदलते.

मॉन्टेल्युकास्टचे गोड सिरप किंवा चघळण्याची गोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. पंपापेक्षा ती सोपी वाटते. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण काही मुलांमध्ये चिडचिड, भीतिदायक स्वप्ने, निद्रानाश, उदासपणा असे परिणाम दिसले. ती सुरू असताना मुलाचा स्वभाव अचानक बदलला तर डॉक्टरांना लगेच सांगा. खोकल्याच्या सिरपचा तर घरघरीवर उपयोगच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची सिरप लिहू नयेत, असे डॉक्टरांना कळवले आहे. घरातली जुनी बाटली टाकून द्या.

स्पेसर हातात घेतल्यावर

औषध योग्य असूनही उपयोग होत नाही, याचे नेहमीचे कारण हातात असते. लहान मुलाला पंप थेट तोंडात धरून देता येत नाही. स्पेसरची नळी हवीच, आणि साधारण चार वर्षांपर्यंत तिला मास्क. पंप जोरात हलवा. नवा किंवा बरेच दिवस न वापरलेला असेल तर दोन-तीन फवारे हवेत सोडा. मुलाला मांडीवर सरळ बसवा. मास्क नाक-तोंडावर असा टेकवा की कडेने हवा जाणार नाही, गालावर हलकासा दाब दिसला पाहिजे. एक फवारा दाबा आणि मुलाला नेहमीसारखे पाच-सहा श्वास घेऊ द्या, झडप हलताना मोजा. दुसरा फवारा द्यायचा असेल तर पुन्हा पंप हलवून, पुन्हा पहिल्यापासून. दोन फवारे एकदम मारून वेळ वाचवू नका. मूल किंचाळत रडत असेल तर औषध छातीपर्यंत फारसे पोहोचत नाही. आदल्या दिवशी बाहुलीला मास्क लावून खेळलेले मूल दुसऱ्या दिवशी पुष्कळदा ऐकते. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला लावा, लहान बाळाचे तोंड ओल्या कापडाने पुसा.

स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि आतून न पुसता हवेत वाळू द्या. फडक्याने आतून पुसले की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटते. एवढ्याशा गोष्टीने अर्धी मात्रा वाया जाऊ शकते. वाफेच्या मशीनचा आवाज मोठा, त्यामुळे ते ताकदवान वाटते. साध्या-मध्यम झटक्यात स्पेसरमधून दिलेले साल्ब्युटामॉल त्याच्या तोडीस तोड काम करते, हे अभ्यासांनी वारंवार दाखवले आहे. हजारो रुपयांचे मशीन घेण्यापूर्वी स्पेसर नीट वापरायला शिका. दर भेटीत डॉक्टरांसमोर स्वतः देऊन दाखवा.

घरातला धूर

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटते. ओवा, वेखंड, वावडिंग, लसणाच्या साली यांची धुरी बाळाला दिली जाते. मायेने केलेली ही गोष्ट अरुंद नलिकांना मात्र सोसत नाही. शेक हवा असेल तर कोमट कापडाचा द्या, धूर नको. संध्याकाळी उदबत्ती, रात्री डासांची कॉइल. एका कॉइलच्या धुरातील अतिसूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरते, असे २००३ मधील एका मोजमापात आढळले होते. मच्छरदाणी लावा, तिला काही पर्याय नाही. वडील ‘बाहेर जाऊन ओढतो’ म्हणतात, पण धूर शर्टाला, केसांना चिकटून परत येतो. या यादीतली एकच गोष्ट करता येणार असेल, तर घरातले धूम्रपान बंद करा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, त्या भिंतीला लागून पाळणा ठेवू नका. गोधड्या, उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. दिवाळीआधीची साफसफाई मूल घरात नसताना उरका आणि फटाक्यांच्या रात्री खिडक्या लावून घ्या. जूनमध्ये शाळा उघडतात आणि पाऊसही येतो, सर्दीच्या लाटा तेव्हापासून सुरू होतात. रोजचे औषध उन्हाळ्यात थांबवलेले असेल, तर पुन्हा कधी सुरू करायचे हे मे महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठेवा. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर दरवर्षी द्यावी.

खाण्याच्या पथ्यांबाबत कळकळीची विनंती आहे. केळे, दही, भात, ताक, सगळे बंद करून वरण-पोळीवर ठेवलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांची घरघर कमी होत नाही, वजन मात्र कमी होते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी अंगावर गांधी, ओठांवर सूज किंवा धाप येत असेल तरच तो बंद करा.

कोजागरीच्या रात्री खिरीतून दिले जाणारे औषध आणि मृग लागताना हैदराबादला जिवंत माशाच्या तोंडातून दिले जाणारे औषध घेण्यासाठी आपल्याकडून दरवर्षी पुष्कळ कुटुंबे जातात. ‘आमच्या पोराला गुण आला’ असे सांगणारे लोक खोटे बोलत नाहीत. दहातल्या सहा मुलांची घरघर सहाव्या वर्षापर्यंत थांबणारच असते, त्यामुळे त्या सुमारास जे चालू असेल त्याला श्रेय मिळते, मग ती खीर असो, होमिओपॅथीच्या गोळ्या असोत वा आमच्याकडची महागडी सिरप. श्रद्धेने जायचे असेल तर जा, पण तेथून आल्यावर पंप बंद करू नका. आणि बाळाच्या पोटावर बिब्ब्याचे किंवा तापल्या लोखंडाचे डाग देणाऱ्याच्या दारात कधीही जाऊ नका.

झटका ओळखताना

शांत किंवा झोपलेल्या बाळाचे श्वास घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात पन्नास, एक ते पाच वर्षांत चाळीस, त्याच्या वर गेले तर डॉक्टरांना दाखवायला हवे. बरगड्यांमध्ये, गळ्याखाली खळगे पडणे, दूध-पाणी न ओढणे, एक वाक्य एका दमात न बोलता येणे, ओठ निळसर होणे, मूल सुस्त पडणे, यांपैकी एक जरी दिसले तरी साल्ब्युटामॉल देत देतच रुग्णालय गाठा, १०८ ला फोन करा. जोराची धाप असताना छातीतला आवाज एकाएकी थांबला तर बरे वाटू लागले असे समजू नका. हवा जाणेच कमी झालेले असू शकते. किती फवारे, किती वेळाने, हे झटक्याच्या रात्री विचारण्याची गोष्ट नाही. आजच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि त्याचा एक फोटो आजीच्या, पाळणाघरातल्या मावशींच्या आणि शाळेतल्या बाईंच्या मोबाइलवरही पाठवा.

खेळातून मुलाला काढू नका. दम्याच्या मुलाने पोहावे, धावावे, खो-खोत उतरावे. धावल्यावर धाप लागत असेल तर औषध अपुरे आहे असा त्याचा अर्थ, आणि ते डॉक्टरांनी वाढवायचे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हातून पंप सुटतो, मित्रांसमोर लाज वाटते, त्याच वयात सिगारेट आणि व्हेप समोर येतात. तेव्हा दम दिल्याने भागत नाही. त्याला स्वतःला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.

पाच-सहा वर्षांचे मूल फुंकून स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी, करू शकते. तिसऱ्या वर्षापूर्वी वारंवार घरघर झालेली असेल आणि अजूनही खोकला-धाप चालू असेल, तर त्या वयात ही तपासणी एकदा करून घ्या आणि पुढे दर वर्ष-दोन वर्षांनी डॉक्टर सांगतील तशी करत राहा. तो कागद लसीकरणाच्या कार्डाबरोबर ठेवा आणि मूल अठरा वर्षांचे झाले की त्याच्या हाती द्या.